घरात गॅस डिटेक्टर होता, तरी वाजला नाही: बाथरूममधल्या गॅस गीझरचं एक प्रकरण

पुण्यातला भाड्याचा दोन बेडरूमचा फ्लॅट, डिसेंबरची सकाळ. गॅस गीझर बाथरूमच्या आतच, शॉवरच्या बाजूच्या भिंतीवर. सिलिंडर बाहेर ड्राय बाल्कनीत आणि नळी भिंतीतल्या भोकातून आत आलेली. थंडी आणि डास यांच्यामुळे खिडकीच्या काचपट्ट्यांवर आतून ॲक्रिलिकची शीट चिकटवलेली. एक्झॉस्ट फॅनसाठी भोक आहे, पण तिथे फॅन न बसवता पुठ्ठा लावलेला. सहा वाजता वडील अंघोळीला गेले, आठेक मिनिटांत बाहेर आले. डोकं जड वाटत होतं, पण चहा झाला नाही म्हणून असेल असं त्यांनी धरलं. ऊब टिकावी म्हणून बाहेर येताना दार ओढून घेतलं. पाच मिनिटांनी कॉलेजात जाणारी मुलगी केस धुवायला आत गेली. पंधरा मिनिटं झाली, हाकेला उत्तर नाही. दार तोडलं तेव्हा ती फरशीवर पडलेली होती आणि गीझर चालूच होता. नशिबाने श्वास सुरू होता.

ही हकिगत एका विशिष्ट कुटुंबाची नाही. गॅस गीझरच्या अपघातांत ज्या गोष्टी पुन्हा पुन्हा सापडतात, त्या एका घरात मांडल्या आहेत, म्हणजे हिशेब नीट करता येतो. यातली सगळ्यात बोलकी गोष्ट स्वयंपाकघरात होती. तिथे ओट्याखाली गॅस डिटेक्टर लावलेला होता, चालू होता, त्याचा हिरवा दिवाही लागलेला होता. तो वाजला नाही, आणि त्यात त्याचा काही दोष नव्हता.

न वाजलेला डिटेक्टर

आपल्याकडे दुकानात ‘गॅस डिटेक्टर’ मागितला की बहुतेक वेळा हातात येतो तो गळतीचा डिटेक्टर. न जळलेला एलपीजी किंवा पाइप गॅस हवेत आला की तो ओरडतो. कार्बन मोनॉक्साइड (सीओ) हा मात्र गॅस अर्धवट जळल्यावर तयार होणारा वायू आहे. नळीतून एक थेंबही गळत नसताना, ज्योत डोळ्यांसमोर जळत असताना तो तयार होतो. गळतीच्या डिटेक्टरचा सेन्सर त्याच्यासाठी बनवलेलाच नसतो. एलपीजीला मुद्दाम घातलेला वासही ज्वालेत जळून जातो, त्यामुळे नाकालाही काही कळत नाही.

दोन्हींच्या जागाही वेगळ्या. एलपीजी हवेपेक्षा जड, म्हणून त्याचा डिटेक्टर जमिनीपासून फूटभर उंचीवर. पाइपचा नैसर्गिक वायू हलका, म्हणून त्याचा छताजवळ. कार्बन मोनॉक्साइड जवळपास हवेइतकाच (रेणुभार २८, हवेचा साधारण २९), म्हणून तो हवेत मिसळून जातो. फक्त जळाल्यावरच्या गरम वाफांबरोबर आधी वर चढतो. ‘एलपीजी आणि सीओ, दोन्ही एकाच डब्यात’ असं लिहिलेली उपकरणं मिळतात, पण ती एलपीजीसाठी खाली लावली तर सीओसाठी चुकीची आणि वर लावली तर एलपीजीसाठी चुकीची. दोन वेगळे डबे घेतलेले बरे.

त्या बाथरूममधला हिशेब

बाथरूम पाच फूट बाय सात फूट. वर सामानाचा माळा काढल्यामुळे उंचीही सातच फूट. म्हणजे २४५ घनफूट, सुमारे ६,९०० लिटर हवा. त्यात ऑक्सिजन २०.९ टक्के, म्हणजे साधारण १,४५० लिटर.

गीझर मिनिटाला सहा लिटर पाणी देणारा. पाणी २५ अंशांनी तापवायचं तर पाण्यात साडेदहा किलोवॅट उष्णता जायला हवी. कॉइलची कार्यक्षमता धरली तर बर्नर साडेबारा किलोवॅटच्या आसपास जळतो. त्यासाठी मिनिटाला सोळा ग्रॅम एलपीजी लागतो आणि तो पूर्ण जळायला मिनिटाला सुमारे ४४ लिटर ऑक्सिजन. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला पाव लिटरच्या आसपास ऑक्सिजन वापरतो. म्हणजे त्या पाच बाय सातच्या खोलीत दीडशेच्या वर माणसं कोंडल्यासारखी अवस्था.

हवा कुठूनच येत नाही असं धरलं, तर साडेचार मिनिटांत ऑक्सिजन १८ टक्क्यांवर येतो. परदेशात बिनधुराड्याच्या हीटरना ऑक्सिजन कमी झाल्यावर गॅस बंद करणारी जी सोय असते, ती याच आकड्याच्या आसपास काम करते, कारण त्याच्या खाली ज्योत बिघडते. आधी टोकं लांबतात, मग ती बर्नरवरून उचलल्यासारखी हलू लागते आणि कार्बन पूर्ण जळण्याऐवजी अर्ध्यातच सुटतो. प्रत्यक्षात दाराखालच्या फटीतून थोडी हवा येते, म्हणून साडेचारची सहा-सात मिनिटं होतात. अंघोळ त्याहून लांबते.

आता विषाचा आकडा. सोळा ग्रॅम एलपीजीतून मिनिटाला साधारण २७ लिटर कार्बन डायऑक्साइड निघतो. ज्योत बिघडून त्याच्या दोन टक्के इतका जरी मोनॉक्साइड निघाला, तरी या खोलीत दर मिनिटाला ७५ ते ८० पीपीएमची (पीपीएम म्हणजे हवेच्या दहा लाख भागांतला एक भाग) भर पडते. प्रमाण पाच टक्क्यांवर गेलं की भर मिनिटाला दोनशेच्या घरात. आणि हे दुष्टचक्र आहे: ऑक्सिजन जितका घटतो, तितकी ज्योत अधिक बिघडते.

२०० पीपीएममध्ये दोन-तीन तासांनी डोकं दुखतं. ८०० मध्ये पाऊण तासात चक्कर आणि मळमळ. १,६०० मध्ये वीस मिनिटांत डोकेदुखी-चक्कर आणि तास-दोन तासांत मृत्यू. ३,२०० मध्ये पाच-दहा मिनिटांत चक्कर, अर्ध्या तासात मृत्यू. हे कोष्टक स्वस्थ बसलेल्या निरोगी माणसाचं आहे. गरम वाफेत, उपाशीपोटी, ऑक्सिजनही कमी असताना उभं राहून अंघोळ करणारा माणूस त्याच्या आधीच कोसळतो.

वडिलांना डोकेदुखीवर भागलं आणि मुलगी पडली, याचं कारण प्रकृतीत शोधू नये. वडिलांनी ताजी हवा वापरली, मुलीने वडिलांची उरलेली. मधल्या पाच मिनिटांत दार उघडं टाकलं असतं तरी चित्र बरंच बदललं असतं. एकामागून एक अंघोळी उरकण्याची सकाळची घाई आणि ऊब राखण्यासाठी बंद ठेवलेलं दार, ही जोडी या अपघातांत सारखी दिसते.

‘पण त्याला टायमर आहे ना’

आहे. पुष्कळ गॅस गीझर वीस मिनिटांनी आपोआप बंद होतात. वरचा हिशेब पाहिला तर वीस मिनिटं किती उशिराची आहेत ते कळतं. शिवाय नळ बंद करून पुन्हा सोडला की मोजणी पहिल्यापासून सुरू होते. केसांना शाम्पू लावताना पाणी बंद केलं की झाली नवी वीस मिनिटं. ज्योत विझली तर गॅस तोडणारा सेन्सरही असतो, पण इथे ज्योत विझत नाही, नुसती बिघडते.

‘ज्योत निळी होती, म्हणजे गीझर चांगला’ हेही अर्धंच खरं. मेकॅनिक तपासायला येतो तेव्हा दार उघडं असतं, त्यामुळे ज्योत निळी दिसणारच. पिवळी ज्योत, वरच्या जाळीवर काजळी, पेटताना ‘भप्प’ आवाज ही मात्र खरी धोक्याची खूण. त्यामागे कॉइलच्या पट्ट्यांत काजळी अडकणं, बर्नरच्या भोकांत कोळ्याची जाळी किंवा चुकीचा जेट (बर्नरला गॅस सोडणारं बारीक भोक) ही कारणं निघतात. पाइप गॅसचा जेट एलपीजीपेक्षा मोठा असतो. पाइप गॅसच्या घरातून सिलिंडरच्या घरात बदली झाली आणि तोच गीझर तसाच जोडला, तर जेटमधून गरजेपेक्षा फार जास्त गॅस सुटतो आणि मोकळ्या हवेतही ज्योत पिवळी, धुरकट होते. घर बदललं की गीझरवरची पट्टी वाचायची: कुठल्या गॅसचा आहे ते तिथे लिहिलेलं असतं.

आणि एक्झॉस्ट फॅन? या गीझरवर ऑक्सिजन २० टक्क्यांच्या खाली जाऊ द्यायचा नसेल, तर तासाला जवळपास २९० घनमीटर हवा बदलावी लागते. घरगुती सहा इंची फॅनची मोकळ्यावरची क्षमता साधारण त्याच घरात असते, आणि ती मोकळ्यावरची. दार घट्ट बंद असेल तर फॅन नुसता गरगरतो, कारण बाहेर टाकायला आत हवा यायला हवी. फॅन असावाच, पण त्याच्या भरवशावर गीझर आत ठेवू नये.

दार तोडल्यानंतर

इथे घरच्यांनी एक गोष्ट बरोबर केली आणि एक राहिली. मुलीला लगेच हॉलमध्ये खिडकीपाशी आणलं, हे बरोबर. पण गीझर बंद करायचं कुणालाच सुचलं नाही. अशा वेळी दार उघडून एका दमात नळ बंद करायचा, माणसाला ओढून बाहेर काढायचं, मग बाल्कनीत जाऊन रेग्युलेटर बंद करायचा. आत थांबून तोंडावर पाणी मारणं, शुद्धीवर आणायचा प्रयत्न करणं नको. सोडवायला गेलेला दुसरा माणूसही पडतो. श्वास थांबला असेल तर छातीवर दाब देणं सुरू करायचं आणि १०८ ला फोन करताना ‘गॅस गीझर’ हे दोन शब्द आधी सांगायचे.

मग ऑक्सिमीटर आला. करोनापासून तो घराघरांत आहे. त्यावर ९८ दिसलं आणि सगळ्यांना हायसं वाटलं. हा आकडा इथे फसवा आहे. साधा ऑक्सिमीटर दोन रंगांच्या प्रकाशाने रक्ताची लाली मोजतो, आणि मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजन चिकटलेल्यासारखंच दिसतं. ऑक्सिजनच्या दोनशे ते अडीचशे पट जोराने हा वायू हिमोग्लोबिनला धरतो, म्हणजे रक्त लाल आणि शरीर उपाशी. दवाखान्यात मागायची ती को-ऑक्सिमेट्री, रक्तातलं कार्बॉक्सीहिमोग्लोबिन मोजणारी तपासणी. मोठ्या रुग्णालयांतल्या बऱ्याच ब्लड गॅस यंत्रांवर ती होते. मागितली नाही तर होईलच असं नाही.

वेळेचा मुद्दाही इथे येतो. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार ते सहा तास लागतात, घट्ट मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिला तर तास-दीड तास. म्हणून ऑक्सिजन आधी लावायचा, रिपोर्टची वाट पाहायची नाही. पोचायला उशीर झाला आणि वाटेत ऑक्सिजन मिळाला, तर रिपोर्टमधला आकडा कमी येतो. तो कमी आला म्हणून विषबाधा झालीच नव्हती असं ठरत नाही. डोकं दुखणाऱ्या वडिलांचीही तपासणी व्हायला हवी होती. बहुतेकदा ती राहून जाते.

डॉक्टरांना बाथरूमची माहिती कुणी दिलीच नाही, तर प्रकरण चक्कर, फिट, कधी हृदयविकार अशा नावांनी बंद होतं. भारतातल्या मेंदूविकारतज्ज्ञांनी ‘गॅस गीझर सिंड्रोम’ या नावाने हे रुग्ण नोंदवले, ते याचमुळे: फक्त बाथरूममध्येच फिट येते, एरवी कधीच नाही, आणि तरी फिटच्या गोळ्या सुरू. बरा होऊन घरी आलेल्या माणसात काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी विसराळूपणा, चालण्यात अडखळणं, स्वभावात बदल दिसू शकतो. दीड महिनाभर घरच्यांनी लक्ष ठेवायचं आणि असं काही दिसलं तर पुन्हा डॉक्टरांकडे जायचं.

सीओ डिटेक्टर असता तर?

बाथरूमच्या आत लावायचं म्हटलं, तर बहुतेक घरगुती डिटेक्टरच्या माहितीपत्रकात ते मना केलेलं असतं. वाफ आणि दमट हवेने सेन्सर लवकर खराब होतो. बाहेर पॅसेजमध्ये लावला, तर बंद दाराआडचा वायू त्याच्यापर्यंत पुरेसा पोचत नाही.

शिवाय हे यंत्र कधी वाजतं ते ठरलेलं असतं. युरोपच्या ईएन ५०२९१ या मानकाप्रमाणे ३० पीपीएमला दोन तासांच्या आत ते वाजायचं नाही, ५० ला साठ ते नव्वद मिनिटांत वाजायचं, १०० ला दहा ते चाळीस मिनिटांत आणि ३०० ला तीन मिनिटांच्या आत. अमेरिकेचं यूएल २०३४ आणखी सावकाश: ७० ला एक ते चार तास, १५० ला दहा ते पन्नास मिनिटं, ४०० ला चार ते पंधरा मिनिटं. क्षणभर आलेल्या धुराने उगाच बोंब होऊ नये म्हणून हा उशीर मुद्दाम ठेवलेला असतो. रात्रभर हळूहळू साठणाऱ्या वायूसाठी हे वेळापत्रक उत्तम आहे. सात हजार लिटरच्या खोलीत काही मिनिटांत हजारावर जाणाऱ्या आकड्यासाठी ते तयार केलेलं नाही.

मग त्या घरात तो निरुपयोगी होता का? नाही, पण उपयोग वेगळा होता. पॅसेजमध्ये आकडा दाखवणारा आणि सर्वांत जास्त आकडा लक्षात ठेवणारा सीओ डिटेक्टर असता, तर अपघाताच्या कितीतरी दिवस आधी, दर सकाळी दार उघडताना बाहेर पडणाऱ्या हवेने त्यात काही ना काही आकडा उमटला असता. निरोगी घरात तो शून्य असतो. सकाळी रोज वीस-तीस उमटत असेल, तर अलार्म वाजो न वाजो, गीझर तिथून हलवायचा. म्हणून घेताना आकड्याचा पडदा आणि ‘पीक’ बटण असलेलाच घ्यावा. काही मॉडेल ३० च्या खाली शून्यच दाखवतात. खरेदीआधी माहितीपत्रकात तेवढं पाहून घ्यावं.

सेन्सर इलेक्ट्रोकेमिकल असावा आणि डब्यावर वरच्या दोनपैकी एका मानकाचा उल्लेख असावा. मागे बदलण्याची तारीख छापलेली असते. मॉडेलप्रमाणे आयुष्य पाच ते दहा वर्षं. ‘टेस्ट’ बटण दाबल्यावर बहुतेक मॉडेलमध्ये भोंगा, बॅटरी आणि सर्किट तपासलं जातं, सेन्सरला वायू दाखवला जात नाही. म्हणून तारीख उलटलेला डबा टेस्टला छान वाजतो आणि तरी कामाचा नसतो. चार बीप, थांबा, पुन्हा चार बीप हा बऱ्याच मॉडेलमध्ये खरा अलार्म असतो. मिनिटाला एखादी चिवचिव म्हणजे बॅटरी किंवा सेन्सर संपला.

काय बदललं

गीझर ड्राय बाल्कनीत गेला. घरमालकाची नेहमीची तक्रार असते की गरम पाणी यायला उशीर होतो. अर्ध्या इंची सीपीव्हीसी पाइपाच्या पंधरा फुटांत जेमतेम अर्धा लिटर थंड पाणी असतं. सहा लिटरच्या गीझरला ते ढकलायला पाच-सहा सेकंद लागतात. पाइपावर फोमचं आवरण चढवलं की तेही सोसतं.

बाल्कनीची मात्र नीट पाहणी करावी लागली. सरकत्या काचांनी बंद केलेली ड्राय बाल्कनी म्हणजे दुसरं बाथरूमच. खालून आणि वरून, दोन्हीकडे कायमच्या उघड्या जाळ्या ठेवल्या. स्वयंपाकघराची चिमणी हा यातला लपलेला धोका: तासाला हजार-बाराशे घनमीटर ओढायची तिची छापील क्षमता, आणि घराच्या खिडक्या बंद असतील तर ती हवा बाल्कनीच्या दारातून, गीझरच्या धुरासकट, आत ओढते. गीझर चालू असताना बाल्कनीचं दार बंद आणि चिमणी लावायची तर हॉलची खिडकी किंचित उघडी, एवढं पाळलं की पुरे. रबरी नळी आयएसआय मार्कची, तारीख पाहून पाच वर्षांनी बदलायची. ती भिंतीतून किंवा खिडकीच्या चौकटीतून ओढून न्यायची नाही, लांबवर न्यायचं तर तांब्याचा किंवा जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप. बाथरूमची कडी बाहेरून नाण्याने फिरवून उघडता येईल अशी घेतली. फरक फार थोड्या पैशांचा.

मग सीओ डिटेक्टर बसवले, दोन. एक स्वयंपाकघरात, बाल्कनीच्या दारापासून दीड-दोन मीटरवर, छतापासून वीत-दीड वीत खाली. दुसरा बेडरूममध्ये उशीच्या उंचीला, पडद्यामागे किंवा कपाटाआड नाही. गळतीचा जुना डिटेक्टर ओट्याखाली आहे तिथेच राहिला. बेडरूमचा डबा डिसेंबर-जानेवारीत प्रवासालाही जातो: जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधल्या दामन इथे हॉटेलच्या खोलीत गॅस हीटर लावून झोपलेले केरळचे आठ पर्यटक दगावले, आणि अशी हळूहळू भरणारी खोली हे या यंत्राचं खरं काम आहे. इंग्लंडमधल्या भाड्याच्या घरांत १ ऑक्टोबर २०२२ पासून, ज्या राहत्या खोलीत इंधनावर चालणारं कायमचं उपकरण आहे तिथे (स्वयंपाकाचा गॅस सोडून) सीओ अलार्म घरमालकाने लावायचा असतो. तिकडे शिकायला गेलेल्या मुलांनी खोली घेताना तो पाहून घ्यावा.

पहिल्या आठवड्यात स्वयंपाकघरातला डबा दोनदा वाजला, गीझर बंद असताना. खाली इन्व्हर्टरची पाण्याची बॅटरी होती. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन सुटतो आणि इलेक्ट्रोकेमिकल सेन्सर त्यालाही मोनॉक्साइड समजतो. डबा फेकायचा नाही, बॅटरी हलवायची. हायड्रोजन साठणं हेही काही बरं लक्षण नव्हे. संध्याकाळी धुपाटण्यात निखारे ठेवले की आकडा हलतो, पण तो खोटा नसतो, निखाऱ्यातून मोनॉक्साइडच निघतो. बॅटरी बाल्कनीत गेल्यावर घरच्यांनी रोज सकाळी सगळ्यांच्या अंघोळी उरकल्यावर ‘पीक’ बटण दाबून आकडा फ्रिजवरच्या कागदावर लिहायचा, असं महिनाभर ठरवलं. शून्याशिवाय काहीही आलं, तर आधी चिमणी आणि बाल्कनीचं दार तपासायचं, मग बर्नर उघडायला मेकॅनिक.